‘राजीनामा’ या शब्दाची कुळकथा

गेल्या आषाढातली गोष्ट. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्य ठाणे असल्यामुळे देशाच्या चारी कोपऱ्यांतील माणसे येथे बदलीवर येतात आणि दोन-चार वर्षे राहून पुढे जातात. आमच्या घरासमोर असेच एक पंजाबी अधिकारी सहकुटुंब राहतात. माणूस मोकळा, बोलका. आमच्या वृद्ध काकूंना ‘काकीजी’ म्हणून वाकून नमस्कार करणारा. एके दिवशी सकाळीच हे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या ओसरीवर आले व दारातूनच मोठ्या आनंदाने म्हणाले, “काकीजी, राजीनामा हो गया!”

काकूंचा चेहरा उतरला. पेढा त्यांनी हातात घेतला, पण तो तोंडात घालण्याचे त्यांना धैर्य होईना. साहेब गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “अरे, मुलगी लग्नाची, धाकटा अजून शाळेत, आणि हा भला माणूस नोकरी सोडून पेढे वाटतो! याच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना?” दुपारी त्यांनी साहेबांच्या पत्नीकडे डबाभर शेंगापोळ्या धाडल्या, आणि सोबत ‘काळजी करू नका, परमेश्वर दुसरी वाट दाखवील’ असा निरोपही धाडला. ती बिचारी बाई पोळ्यांनी सुखावली आणि निरोपाने घाबरली.

संध्याकाळी उलगडा झाला. साहेबांचा गावाकडे सख्ख्या थोरल्या भावाशी वडिलार्जित घराच्या वाटणीवरून अकरा वर्षे दावा चालू होता. अखेर दोघा भावांनी आपसात समेट केला व तसा कागद कोर्टात दाखल केला. पंजाबात या कागदास राजीनामा म्हणतात! आम्ही ज्या शब्दाने सुटलेली नोकरी ओळखतो, त्याच शब्दाने ते जुळलेले नाते ओळखतात. सर्वांनी पोटभर हसून घेतले, काकूंनी सकाळचा पेढा खाल्ला, आणि विषय तेथेच संपावयाचा. परंतु माझ्या मनात एक जुना कागद एकाएकी सळसळला. त्याविषयी पुढे सांगेन. आधी शब्दाचे कुळ पाहू.

‘राजीनामा’ हा शब्द ऐकला की आपल्याकडील मुलांस त्यात ‘राजा’ आणि ‘राज्य’ दिसते. आमच्या पुतण्याची अशी पक्की समजूत होती की पूर्वी राजे लोक राज्य सोडताना जो कागद लिहीत, तो राजीनामा! त्यात त्याचा दोष नाही. ‘राजी’ आणि ‘राज्य’ यांचा ‘ज’ आपण एकाच अक्षराने लिहितो. फारसी-उर्दू लिपीत मात्र ‘राजी’मधील ‘ज’ हा ‘ज्वाद’ नावाच्या निराळ्याच अक्षराने लिहितात. हे अक्षर मूळ अरबांचे. इराणी लोकांना त्याचा उच्चार साधेना, म्हणून त्यांनी त्याचा मऊ ‘झ’सारखा ध्वनी केला, तो मराठीत आला तेव्हा पुढील ‘ई’कारामुळे आपण त्याचा ‘जीव’, ‘जीभ’ यांतल्यासारखा तालव्य ‘जी’ केला. काजी, हजर, गरज, फाजील या नेहमीच्या शब्दांतील ‘ज’ही याच ज्वादाचा आहे.

‘राजी’ म्हणजे संतुष्ट, मान्य असलेला. ‘नामा’ हा फारसी. त्याचा अर्थ पत्र, लेख किंवा ग्रंथ. शाहनामा, करारनामा, जाहीरनामा, पंचनामा यांतला हाच तो नामा. तेव्हा राजीनामा म्हणजे अक्षरशः ‘मी संतुष्ट आहे, मला हे मान्य आहे’ असा लेख. मौज पाहा, आपल्याकडे बहुधा जो मनातून यत्किंचितही राजी नसतो, त्याच्याकडूनच राजीनामा घेतला जातो!

अरबीतील ज्या धातूपासून ‘राजी’ निघाला, त्याच धातूची आणखी दोन लेकरे मराठीच्या घरात नांदत आहेत, आणि ती सख्खी भावंडे असल्याचे आपल्या ध्यानीमनीही नसते. एक ‘मर्जी’ आणि दुसरे ‘रजा’. ‘रजा’ शब्दाची कथा तर फारच गोड आहे. मुळात त्याचा अर्थ संमती, प्रसन्नता. पंजाबीत आणि उर्दूत ‘रजा’ म्हणजे ईश्वराची इच्छा. त्या इच्छेपुढे मान तुकवून राहणे ही तिकडच्या भाविकांची मोठी साधना. मराठीत मात्र चाकराने धन्याची ‘रजा’, म्हणजे संमती, घेतल्याखेरीज घरी जावयाचे नाही, एवढ्या वाटेने तो शब्द आला, आणि जाता जाता संमती गळून पडून नुसती गैरहजेरी उरली. तिकडे जो शब्द संतांच्या वाणीत बसला, तो इकडे किरकोळ रजेच्या अर्जात बसला आहे.

‘राजीखुशी’चेही असेच. उत्तरेकडील पत्रात आरंभी ‘आम्ही राजीखुशी आहोत’ असे लिहिले म्हणजे सर्व क्षेम आहे असे समजावयाचे. पंजाबीत तर आजारातून उठलेल्या माणसासही ‘राजी झाला’ म्हणतात. आपल्याकडे ‘राजीखुशीने लिहून दिले’ म्हणजे कोणी बळजबरी केली नाही. एकाने प्रकृती सांगितली, दुसऱ्याने साक्ष काढली.

आता राजीनाम्याकडे वळू. खुद्द इराणात नोकरी सोडणाऱ्यास ‘राजीनामा’ देता येत नाही. तेथे त्याला ‘इस्तेफा’ म्हणतात. उर्दूतला व हिंदीतला ‘इस्तीफा’ तो हाच. या शब्दाच्या मुळाशी ‘माफी’ आहे: मला या कामातून माफी असावी, अशी विनंती. शाळेतील मुलास सहलीस नेण्यापूर्वी किंवा रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी घरच्या माणसांची जी लेखी संमती घेतात, तिला इराणी लोक ‘रेजायतनामे’ म्हणतात. म्हणजे राजीनाम्याचा जवळचा चुलतभाऊ तेथे अजून आपल्या मूळच्या धंद्यातच आहे. उर्दूत, पंजाबीत आणि उत्तरेच्या कोर्टकचेऱ्यांत राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींचा समेट. आणि मराठीत? १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्रिपदावरून दूर झाले, ते मराठी माणसाच्या तोंडी ‘राजीनामा’ देऊन झाले. तो समेटाचा कागद नव्हता, हे निराळे सांगावयास नको.

समेटाचा शब्द फारकतीचा कसा झाला? येथे आपणांस जुन्या दप्तरांत शिरावे लागते.

फारसी शब्द मराठीत आले ते प्रामुख्याने दरबार, लष्कर आणि महसूल या तीन वेशींतून. आमचे सोलापूर तर या घडामोडींच्या ऐन रस्त्यावर होते. बहामनी राज्य फुटल्यावर येथील भुईकोटासाठी विजापूरकर आणि अहमदनगरकर किती वेळा भांडले याला सुमार नाही. अखेर अहमदनगरच्या निजामशाहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. (चांदबिबीचा भाऊ मुर्तजा निजामशहा. ‘मुर्तजा’ हे नावही ‘राजी’च्याच धातूचे!) विजापुरास पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले व ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले, असे फिरिश्ता लिहितो. भाषा बदलली, तरी दप्तरातील पारिभाषिक शब्द कोण बदलणार? वाक्य मराठी, क्रियापद मराठी आणि मधले सारे मोलाचे शब्द फारसी, असे ते लेखन होऊन बसले. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला तो याच अडचणीपायी. त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरीही कितीतरी फारसी शब्द हलले नाहीत. इतके, की १९२५ साली कवी माधव जूलियन, म्हणजे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना सामग्री शोधण्यास दूर जावे लागले नाही. ती मराठी घरांत होतीच.

मराठेशाहीत ‘राजीनामा’ हा न्यायाच्या कामातला शब्द होता. दोघांचा तंटा लागला की तो पंचायतीपुढे जाई. निवाडा करण्यापूर्वी पंच उभय पक्षांकडून लिहून घेत की तुम्ही आमच्यासमोर राजीखुशीने आला आहात आणि आम्ही जो निर्णय देऊ तो तुम्हांस मान्य होईल. हा राजीनामा. निवाड्यानंतर हरलेल्याने आपली हार लिहून द्यावयाची, ते यजितखत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशवाईच्या पाडावानंतर, १८१९ मध्ये, या प्रांताविषयी जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या या पद्धतीचे वर्णन आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मराठीचा राजीनामा पंजाबीच्या राजीनाम्यापासून फार दूर नव्हता. दोघांतही दोन पक्ष होते, दोघांतही तंटा मिटवावयाचा होता. आपला कागद निवाड्याच्या आधीचा, त्यांचा समेटाच्या नंतरचा, एवढाच काय तो भेद.

पुढचे वळण जमिनीने दिले. १८३६ साली, आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमिनीची नवी पाहणी लागू केली. काही वर्षांतच ती सोलापूर जिल्ह्यात आली. शेतांना नंबर पडले, प्रत्येक नंबरावर धारा ठरला, आणि शेतकऱ्यास मोकळीक मिळाली की त्याला परवडेल तेवढे नंबर त्याने ठेवावे, न परवडणारा सोडून द्यावा. आता सोडतो हे सरकारास कळवावयाचे कसे? लेख करून. त्या लेखास जुन्या दप्तरी सवयीने नाव पडले राजीनामा: हा नंबर माझ्या नावावरून कमी करण्यास मी राजी आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने ही रीत पक्की केली. चालू सालाच्या अखेरीस जमीन सोडावयाची तर मामलेदाराकडे ३१ मार्चच्या आत लेखी कळवावे, सबंध सर्व्हे नंबर सोडावा, आणि हवे तर अमुक माणसाच्या नावे सोडावा. ज्याच्या नावे सोडली त्याने कबुलायत लिहून द्यावी. ‘राजीनामा-कबुलायत’ ही जोडी त्या काळी खेडोपाडी इतकी रुळली होती, जितकी आज सात-बाराची जोडी.

या जोडीमागे पुष्कळ अश्रू आहेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. धारा देण्याची ऐपत उरली नाही, बैल उरले नाहीत. लोक जमिनी सोडून निघून गेले. दुसरीकडे, कर्जदाराने सावकाराच्या नावे राजीनामा द्यावा, सावकाराने कबुलायत द्यावी आणि खाते फिरावे, ही खरेदीखताहून सोपी वाट होती. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने राजी असल्याबद्दल अंगठा उठविला. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जो खास कायदा झाला, तोही १८७९ चाच, आणि तो ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत पुणे, सातारा, अहमदनगर यांबरोबर सोलापूर होते. एकाच वर्षी एका कायद्याने जमीन सोडण्याचा कागद पक्का झाला आणि दुसऱ्याने जमीन सुटू नये म्हणून हात पुढे केला. यात सरकारचा दुटप्पीपणा पाहावा की धांदल, याचा निर्णय वाचकांनी करावा. मला ती धांदल वाटते.

जमीन सोडण्याच्या लेखावरून हुद्दा सोडण्याचा लेख, ही पुढची पायरी सोपी होती. तोच कारकून, तेच दप्तर. एकाने नंबर सोडला, दुसऱ्याने चाकरी सोडली, दोघांनीही राजीनामा दिला. हा माझा केवळ तर्क आहे असे कोणी म्हणेल. परंतु त्याला दोन पुरावे देतो. मद्रास इलाख्यातही जमीन थेट रयतेकडे असे आणि तेथेही ती सोडून देण्याच्या कागदास हाच शब्द होता. आज मराठी, गुजराती, कानडी आणि तेलुगू या चारही भाषांत राजीनामा म्हणजे पदत्याग. याउलट पंजाबात तो दाव्यातील समेटच राहिला. दुसरा पुरावा याहून सरस आहे. नेपाळात राजीनामा शब्दाचे आज दोन अर्थ चालतात: एक नोकरी सोडणे आणि दुसरा जमीन विकल्याचे नोंदलेले खत! जमीन आणि नोकरी एकाच शब्दाच्या छपराखाली तेथे अजून शेजारी शेजारी राहत आहेत. आपल्याकडे जमीन बाहेर पडली, नोकरी आत राहिली.

सोलापुरात हा शब्द ऐकण्याची मजा औरच. येथे घरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कानडी बोलणारे व्यापारी, दक्खनी बोलणारे मुसलमान कारागीर आणि मराठी बोलणारे आपण, असे चार संसार एका पेठेत चालतात. पूर्वी गिरणीतल्या जॉबरशी भांडून कोणी काम सोडले, तर तो कोणत्याही भाषेचा असो, राजीनामाच देई. माझ्या ओळखीचे एक उर्दू शाळेतील निवृत्त मास्तर आहेत. त्यांना मी साहेबांच्या पेढ्याची हकिकत सांगितली. ते हसून म्हणाले, “आमची तर घरातच फाळणी आहे. वर्तमानपत्रात ‘इस्तीफा’ वाचतो आणि ओट्यावर बसून ‘राजीनामा’ बोलतो. कोर्टातला राजीनामा आला की संदर्भावरून ओळखून घ्यायचे.”

संदर्भ! तो हरवला म्हणजे काय होते, हे आता सांगतो.

आमच्या घराण्यात दोन पात्या आहेत. वडील पाती आमची, धाकटी पाती बार्शीकडची. सीनेच्या काठी एक शेत होते. ते मूळचे दोघा भावांचे. पुढे ते एकट्या वडील पातीकडे राहिले आणि कूळकायद्यात तेही गेले. शेत गेले, पण त्याचे भांडण शिल्लक राहिले. धाकटी पाती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली की आमच्या पूर्वजाकडून जबरीने राजीनामा लिहून घेऊन शेत बळकावले. आमच्या घरी सांगत की कर्जापायी त्याने आपखुशीने राजीनामा दिला, कागद देवघराच्या पेटीत आहे. कागद होता, हे दोन्हीकडे मान्य. त्यावर ‘राजीनामा’ शब्द होता, हेही मान्य. यामुळे कोणास तो वाचावासा वाटला नाही. मंगलकार्याच्या पत्रिका जात, येत. माणसे जात-येत नसत. सुतक तेवढे दोन्हीकडे पाळले जाई.

साहेबांचा पेढा खाल्ला त्या रात्री मी ती पेटी उघडली. कागद मोडीत. मला मोडीची तोंडओळख आहे, पण एवढ्याशा भांडवलावर घराण्याचा निकाल कसा करावा? दुसऱ्या दिवशी मोडी जाणणारे एक गुरुजी घरी आणले. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. शके १७४१, प्रमाथी नाम संवत्सर. म्हणजे १८१९ साल. खाली पाटलाची नांगराची निशाणी आणि सह्या दोघाही भावांच्या. एकाची नव्हे, दोघांच्या! मजकूर एवढाच की आम्हां उभयतांत शेताचा कजिया आहे, तो पंचांपुढे ठेवला आहे, पंच सांगतील ते आम्हां दोघांस मान्य. शेत सोडल्याची त्यात एक ओळ नाही. कर्जाची नाही. इंदापुरास साखळी पडण्याआधी सतरा वर्षांचा तो कागद. तेव्हा सर्व्हे नंबर नव्हते, की ते सोडण्याचे राजीनामे नव्हते. पुढच्या पिढ्यांनी आपल्या काळचा अर्थ त्या शब्दात ओतला आणि एका बाजूने त्याचा अभिमान धरला, दुसऱ्याने वैर.

येथे घाईने आनंद मानण्याचे कारण नाही. पंचांचा निवाडा आमच्या पेटीत नाही. शेत आमच्याकडे न्यायाने राहिले की अन्यायाने, हे त्या राजीनाम्यावरून कळत नाही; आणि ‘आपखुशीने दिले’ ही आमच्या घरची गोष्टही त्याच फटक्यात खाली येते. माझ्या वडिलांच्या हयातीत मी हे बोलून दाखविले असते, तर ते त्यांना रुचले नसते. काकू मात्र ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माझ्या लग्नात त्या घरचे कोणी आले नव्हते. अक्षतांना तरी यायला हवे होते, असे सासूबाई मरेपर्यंत म्हणत. तू त्यांना लिही.”

मी कागदाचे छायाचित्र, देवनागरी नक्कल आणि एक लांबलचक पत्र बार्शीस धाडले. पत्रात इराण, पंजाब, इंदापूर सारे काही होते. आता वाटते, ते थोडे कमी चालले असते. महिनाभर उत्तर नाही. मग धाकट्या पातीतील सर्वांत वडील असलेल्या भाऊंचे, स्वतःच्या हाताने लिहिलेले, चार ओळींचे पत्र आले. त्यांच्याकडेही देवांच्या मागे तांबड्या फडक्यात बांधलेला तसलाच एक कागद आहे. तो ‘तुमच्या लोकांनी लिहून घेतलेला’ म्हणून आजवर कोणी सोडला नाही. दसऱ्यास या, मोडी वाचणाऱ्या गुरुजींस घेऊन या, आणि वहिनींना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही आणा, असे त्यांनी कळविले आहे.

काकूंनी शेंगदाणे भाजावयास घेतले आहेत. समोरचे साहेब गाडी घेऊन येतो म्हणाले आहेत.